निरू माहेरी जाणार नाही

समा, बडोदे
१८ सप्टेंबर २००४

विश्वंभर भावजी यांस,

सुहासिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. प्रेमलाने पाठवलेली भाकरवडी मिळाली. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

लक्ष्मीकांत रिफायनरीत पुन्हा ड्यूटीवर जाऊ लागला. बाळाचा पाळणा अजून काढलेला नाही.

रविवारी पाणीगेटला तुमच्याकडे जेवताना, निरुपमा वाढत असताना, तुम्ही म्हणालात, “वहिनी, ह्या मुलीची कूस नीट नाही. जनार्दनकडे परत पाठवा. लक्ष्मीकांतचं दुसरं बघू.” तिच्या हातून कढी सांडली, तर “फडकं आणा” म्हणालात.

निरू माझ्या सख्ख्या भावाची, जनार्दनची मुलगी. मामाची मुलगी हक्काची, असं म्हणत सुपारी फोडायला तुम्हीच पुढे होता.

बाळ का गेलं ते डॉक्टरांना विचारलं, मग लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचलं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी तयार होताना आपल्याच जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात. एका ढिगातला एक, दुसऱ्यातला एक, तिसऱ्यातला एक. आपण बडोदेकर दारावरच्या माणसाशी मराठी, गुजराती, हिंदी शब्द उचलून वाक्य जुळवतो, तसंच. प्रत्येक पेशीची जुळणी निराळी, म्हणून कधी न पाहिलेला जंतू आला तरी त्याला ओळखणारी एखादी निघते. आपल्या बाळाच्या पेशींकडे कापायचं हत्यारच नव्हतं. साध्या खोकल्यालाही त्याच्या अंगात ओळखणारं कुणी नव्हतं.

हत्यार घडवायची कृती आईकडून एक, बापाकडून एक मिळते. एक धड असली तरी भागतं. बाळाला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. एक निरूकडून, दुसरी लक्ष्मीकांतकडून.

लक्ष्मीकांतला ती बिघडलेली कृती कुठून आली हे मी रविवारी बोलले नाही. माझं रक्त तपासलं आहे. माझ्याकडून आली. म्हणजे तुमचं घराणं सुटलं, तुमचा जीव भांड्यात पडला असेल.

दुसरी सून आणली तर नातवंड धडधाकट होईल, बहुतेक. निरूने दुसरा नवरा केला तरी होईल. मग कूस तिचीच कशी वाईट?

लक्ष्मीकांत म्हणाला, “आई, काका मोठे आहेत.”

“मग त्यांच्याकडे राहायला जा,” मी म्हटलं. “ती इथंच राहील.”

तो गेला नाही. काल तिच्याशेजारी बसून जेवला. पुढच्या वेळी डॉक्टर आधीच तपासतील. धास्ती आहेच, चारांत एकाला होतं म्हणतात.

हे गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हटलंत. मी मान खाली घातली होती. ह्या वेळी घालणार नाही.

निरूला न्यायला याल तर आधी मला बाहेर काढा. तेच माझ्याही रक्तात आहे.

निरूची आत्या,
सुहासिनी