कडेचा तुकडा

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या मावशींचा गुडघा, नवे पडदे, आत्याची नेहमीची कुरकुर, सगळं वाचलं आणि पोटभर हसले. शेवटी तू लिहिलं आहेस, सुट्टीत दोघं या. दोघंच असं तू चुकून लिहिलं नाहीस हे मला कळतं. लग्नाच्या वेळी तू स्पष्टच म्हणाली होतीस की जावई म्हणून ह्यांना दार उघडं आहे, पण दुसऱ्या बाईपासून झालेल्या त्यांच्या लेकीला मी नात म्हणणार नाही. तेव्हा मी भांडले नाही. आजही भांडायला पत्र लिहीत नाही. आमच्या संध्याकाळी कशा जातात तेवढं सांगते, मग तू ठरव.

ह्यांची इस्पितळात एक्स-रे काढायची पाळी दुपारी सुरू होते, त्यामुळे कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघीच, ह्यांची लेक आणि मी. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिला शाळेतून घेऊन घरी पोचेपर्यंत दोघींच्या पोटात कावळे ओरडत असतात. जिना चढतानाच ती फर्मान सोडते, नूडल्स. मी तिला बाईसाहेब म्हणते ते उगाच नाही. दप्तर एकीकडे, मोजे दुसरीकडे, आणि स्वारी ओट्याजवळच्या स्टुलावर उभी.

सुरुवातीला असं नव्हतं. मी नवी आले तेव्हा ती मला काहीच म्हणत नसे. हवं ते बोटाने दाखवायची. मी केलेलं निमूटपणे खायची, ताट घासायला ठेवायची आणि खोलीत जायची. हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं. एवढं शहाणं पोर घरात असलं की जीव गुदमरतो.

आणि मग मी तो घोळ घातला. नूडल्स भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी ओतून द्यायचं, असं पाकिटावर चित्रासकट छापलेलं होतं. पण तू माझ्या हाताला वळणच असं लावलं आहेस की दाणा असो नाहीतर पीठ, आधी तेलावर भाजायचं, मग बेताचं पाणी, मग झाकण, आणि ज्यात शिजवलं ते पाणी फेकायचं म्हणजे पाप. मी तसंच केलं. झाकण ठेवून मोजे वाळत घालायला गेले. परत येऊन पाहते तर पातेल्यात एकच अखंड गोळा, खालून लालबुंद. ताटलीत उलटा केला तर धप्पकन पडला आणि पातेल्याच्या आकाराचाच राहिला.

ती बघतच राहिली. मग सुरी आणून तिने केकसारखे तुकडे कापले, कडेचा खरपूस तुकडा कुरकुरत खाल्ला आणि खो खो हसली. ह्या घरात तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हे कुणी शिकवलं म्हणून तिने विचारलं. माझ्या आईने, असं मी सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे साध्या नूडल्स होतच नाहीत. होतात त्या, तिच्या भाषेत, ‘तुझ्या आईच्या नूडल्स’. भाज्या ती चिरते, गाजराची जाडी तिच्या मर्जीवर. झाकणावर पहारा तिचा. पलटताना ताटलीवर माझा हात आणि माझ्या हातावर तिचा. एकदा सगळं ओट्यावर सांडलं तर तिथूनच उचलून खाल्लं. तू असतीस तर डोक्याला हात लावला असतास.

कडेचा तुकडा मात्र तिचा. वडिलांनी मागितला तरी मिळत नाही, ते बिचारे आल्यावर मधला मऊ भाग गरम करून खातात. फक्त एकदा, दुकानात एक गिऱ्हाईक मला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोललं होतं आणि मी घरी आले ती चेहरा पाडूनच.  तिने तो तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि स्वतः मधला खाऊ लागली. मला ती अजून नावानेच हाक मारते. आई म्हणत नाही, मीही म्हणायला लावत नाही. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. परवा पलटताना तिने विचारलं, तुझ्या आईचे दात शाबूत आहेत का. आहेत म्हटलं. मग तिने ठरवून टाकलं की सुट्टीत तुझ्याकडे गेलो की ती स्वतः करणार आणि कडेचा तुकडा तुला देणार, कारण मुळात युक्ती तुझी आहे. तू तिला बोलावलेलं नाहीस हे तिला माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. तू नाही म्हणालीस तर मला फार वाईट वाटेल, पण आम्ही दोघं येणार नाही. येऊ तर तिघंच येऊ. नात म्हण किंवा म्हणू नकोस, ती तुझ्याकडून काही मागायला येत नाहीये. हो असेल तर माळ्यावरचं जाड बुडाचं पातेलं काढून ठेव.

तुझीच,
अजूनही सगळं आधी भाजून घेणारी लेक