इशबेलला एडिनबरा दाखवताना

शुक्रवार, ६ जून. सकाळ

इशबेल आज ग्लासगोहून येतेय. इथेच लीथ भागात बहिणीकडे उतरणार. ती विधवा, मी विधुर. ओळख बोलिंग क्लबातली. रविवारी गाडीत बसवण्याआधी लग्नाचं विचारून टाकायचं. होकार धरूनच चाललोय. ग्लासगोच्या माणसाला तोंड असतं, संस्कृती नसते. ती मी पुरवीन.

निश्चय: तिच्या शहराबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही.

दुपार

एकच काढला. फार तर दोन. ती हसली, म्हणजे पटलं.

किल्ला बाहेरून दाखवला. आत जाऊ म्हणत होती. म्हटलं, आत परके जातात. मी इथे जन्म काढला, एकदाही पाऊल टाकलं नाही. वाऱ्यात उभं राहून सगळी माहिती दिली, पार ज्वालामुखीपासून. राजेराण्यांपर्यंत पोचलो तेव्हा ती समोरच्या दुकानात होती.

शनिवार, ७ जून. दुपार

रॉयल माइल, किल्ल्यापासून उतरणारा बाजाररस्ता. शी! दर दुकानात तेच बॅगपाइपचं रडगाणं, तीच लोकरीची गाय, तेच चौकड्यांचे मफलर. चौकडीवरून म्हणे घराणं कळतं! दुकानदारणीने "हे तुमच्या घराण्याचं" म्हणत इशबेलच्या गळ्यात एक घातलाच. मी तिथेच जाहीर केलं की हे सारं कापडवाल्यांचं थोतांड आहे. दुकानदारीण म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

आजोबा!

इशबेलने दोन घेतले. म्हणे, "घराणं गेलं खड्ड्यात, मला लाल रंग आवडतो." बिचारी. सुधारेल.

संध्याकाळ

तिला घरी बोलावलं होतं. दार उघडून रीतीप्रमाणे विचारलं, "चहा आटोपूनच आला असाल?" आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणालाच चहा म्हणतात. पाहुण्याने "हो" म्हणायचं, दोघंही सुटतात. ग्लासगोत ही शिस्त कुठली! तिला वाटलं मी थट्टा करतोय. पोट धरधरून हसली आणि टेबलाशी येऊन बसली. काय करणार? शॉर्टब्रेडचं बिस्किट काढलं. अर्धं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून मासे तळल्याचा वास आला. तिथे वॉटी राहतो. निवृत्त बसड्रायव्हर, पडदे कधी धूत नाही. "आलेच हं," म्हणून ती खाली गेली ती गेलीच. जमिनीतून हसणं ऐकू येत होतं. माझाच विषय निघाला असणार. लक्षण चांगलं आहे.

रविवार, ८ जून. दुपार

स्टेशनवर विचारलं. "नाही," म्हणाली. नीट विचार करा म्हटलं, तर म्हणते, "आर्ची, दोन दिवस तुम्ही नुसते बोलत होतात. काल दारात एक प्रश्न विचारलात, तोही उत्तर आत घालूनच."

गाडी सुटली. ग्लासगोची माणसं आततायीच.

संध्याकाळ

घर फार शांत आहे. वाईट वाटतंय.

आत्ता वॉटी दाराशी येऊन गेला. "आर्ची, जेवलास का रे?" म्हणाला. मी सकाळपासून उपाशी. तरी तोंडातून निघालं, "केव्हाच."

वॉटीही शेवटी एडिनबराचाच. "बरं," म्हणाला आणि जिना उतरून गेला.