गुलछडीचे दहा दांडे

चिंचवड, सोमवार, २० ऑगस्ट १९५६

गुलछडीचा खरा खर्च असा: हिची कोथिंबीर उपटून केलेला एक वाफा, उन्हाळाभर रोज विहिरीच्या वीस बादल्या आणि माझी कंबर. एवढं करून दहा दांडे फुलले होते. उद्या कारखान्याच्या साहेबांकडे पाहुणे आहेत. फुलदाणीसाठी घरचे दांडे देतो, असं मीच छाती फुगवून सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "चोरीला नाही जात?" मी म्हणालो, "आवारात मांजर शिरलं तरी मला ऐकू येतं."

संध्याकाळी वर्कशॉपातून आलो तर दहाही दांडे जागेवर, फूल मात्र एकावरही नाही. नुसते बोडके दांडे. डोकंच फिरलं. शेजारचे मास्तर रोज पहाटे परडी घेऊन लोकांच्या कुंपणात हात घालतात, म्हणून त्यांनाच धरलं. नको नको ते बोललो.

मास्तर शांतपणे म्हणाले, "राव, लेथचा आवाज ऐकून तुम्ही बिघाड सांगता. माझ्या खडावा ऐकू आल्या नाहीत?"

घरात शिरलो तर ही म्हणते, "अहो, श्रावणी सोमवार आज. पांढरी फुलं महादेवाला वाहिली. दांडे ठेवलेत की तुमचे."

दांडे ठेवलेत म्हणे! कोथिंबिरीचा राग काढला का हिने? काढला असेल. साहेबांना काय देऊ, बोडके दांडे? आणि मास्तरांचे पाय धरायचे ते वेगळंच.

सकाळी ही वाफ्यात फुलं खुडत होती, तेव्हा मी चार हात अंतरावर पायरीवर पाठमोरा बसून चहा पीत होतो.