ओट्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ

आई, मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. पाढे विचारताना तू माझ्याकडे पाठ करायचीस ती पोळी करपू नये म्हणून, असं. काल आठवलं, गॅस तर बंद असायचा. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर, दम्यामुळे शाळेत न जाणारी मी खाली पाटावर, आणि तू रिकाम्या ओट्याकडे तोंड करून उभी. "सात आठे?" मी म्हणते, "चोपन्न... छप्पन्न?" आणि तुझी मान हलते का ते बघते. "माझ्या तोंडावर लिहिलंय का उत्तर? चुकलं तरी तुझंच सांग."

आता मी मुख्याध्यापिका आहे. आम्हाला कृतिसंशोधन करायला सांगितलंय: आपल्याच कामातला एक प्रश्न धरायचा, आपलं वागणं थोडं बदलायचं आणि काय होतं ते बघायचं. माझा प्रश्न होता, शिक्षक माझ्यासमोर खरं का बोलत नाहीत? म्हणून वर्षभर सभेत मी सगळ्यांच्या शेवटी बोलले. पहिली-दुसरी एकाच बाईंकडे, एका खोलीत बसवायचा निर्णय माझा. लहान मुलं मोठ्यांचं बघून शिकतील असं वाटलं होतं. कसं चाललंय विचारलं की सगळे "बिल्कुल ठीक, मॅडम." मग त्या बाईंची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्या फाटकापाशी थांबल्या. "मॅडम, पहली के बच्चे पढ़ना नहीं सीखे. बस बड़ों के पीछे-पीछे बोलते हैं." मी म्हटलं, "तो मीटिंग में क्यों नहीं बताया?" त्या हसल्या. "आप पूछती बाद में हैं, चेहरा पहले जवाब दे देता है."

ती मुलं आता दुसरीत आहेत. ओळीवरून बोट फिरवतात, कान मात्र शेजारच्याकडे. त्यांचं ते वर्ष मला परत देता येणार नाही. नव्या पहिलीलाही त्याच खोलीत ठेवायचं का, हे पुढच्या सभेत ठरेल. शिक्षक तेच, चेहराही हाच. आरशासमोर शांत बसून पाहिलं, तर मी जास्तच रागावलेली दिसते. म्हणून खुर्ची फळ्याकडे वळवणार, त्यांच्याकडे पाठ करणार, आणि विचारणार. मागे कुणीतरी पुटपुटेल, "मॅडम को क्या हुआ?" खरं कोणी बोलेल असं मला वाटत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते: त्यांचे चेहरे मला दिसणार नाहीत, याचंच थोडं बरं वाटतंय. तुलाही तसंच वाटायचं का गं? तरी वळवणार. येत्या शनिवारी.