छत कुणाच्या नावावर

६ जुलै १९९७, रविवार

निर्णय झाला. पासिर पांजांगचा भाड्याने दिलेला फ्लॅट स्वतःच्या नावावर ठेवायचा नाही. कंपनी काढायची. प्रायव्हेट लिमिटेड.

काल ऑर्चर्ड रोडच्या एका हॉटेलात सेमिनार होता, छोट्या घरमालकांसाठी. कॉफी फुकट, सामोसे मात्र लवकर संपले. वक्त्याने विचारलं, उद्या तुमचा भाडेकरू बाथरूममध्ये घसरला आणि कोर्टात गेला तर? तुमचं राहतं घर, गाडी, शिल्लक, सगळं त्याच्या घशात. फ्लॅट कंपनीच्या नावावर असेल तर दावा कंपनीवर. तुम्ही नामानिराळे.

मी इतकी वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली, आता ऑफिसात बसून इतरांची जहाजं तपासतो. जोखीम काय असते ते मला कुणी शिकवायला नको. पण हॉलमधून निघताना पाठीत थंड वाटलं. एसीमुळे असेल.

संजीवनीला सांगितलं. तिने विचारलं, भाड्याने दिलेले फ्लॅट किती? एक. मग कंपनी कशाला? म्हटलं, आज एक आहे. ती 'हं' म्हणाली. बायकोच्या 'हं'चा अर्थ लावत बसायचा नाही असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलंय.

१३ जुलै, रविवार

फ्लॅटवर जाऊन आलो. भाडेकरू मधुवंती, नाशिकची, इथे युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करते. हुशार मुलगी, भाडं वेळेवर, मला काका म्हणते. तिची आई आशालताबाई चार-पाच महिन्यांसाठी आल्यात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. थालीपीठ उत्तम.

तक्रार एकच. आतल्या खोलीत, बाईंच्या पलंगाच्या बरोबर वर, छताला तपकिरी डाग आणि चीर. सकाळी उशीवर पांढरी पूड सापडते म्हणे. मी छत्रीच्या मुठीने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. आतली सळई गंजून फुगली की काँक्रीट सुटतं, त्याचा असाच आवाज येतो. पण पोकळ म्हणजे हलकंही. घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असेल."

हे ऐकून बरं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं नाही.

२६ जुलै, शनिवार

प्रबोधकडे गेलो. प्रबोध अकाउंटंट, इथल्या मराठी मंडळात नाटकाच्या हिशेबावरून ओळख झाली. मित्र चांगला, पण दृष्टी लहान. म्हणाला, एका फ्लॅटसाठी कंपनी कशाला? आता नाव बदलायचं तर पुन्हा स्टॅम्प ड्यूटी, बँकेची परवानगी, दरवर्षी ऑडिट. आणि बँक कंपनीला कर्ज देताना तुझीच वैयक्तिक हमी मागणार, मग नामानिराळा कसला? त्यापेक्षा चांगला विमा काढ.

मी सहज छताचं बोललो. त्याने पेन खाली ठेवलं. "पद्माकर, तुला कंपनी नकोय. तुला गवंडी हवाय."

मतभेद असू शकतात. दुसऱ्या कुणाचा तरी सल्ला घ्यायचा.

९ ऑगस्ट, शनिवार

दुसरा सल्लागार भेटला. तिसराही. दोघेही प्रबोधसारखंच बोलले. चौथा मात्र अनुभवी निघाला. म्हणाला, कंपनी अवश्य काढा. त्याचा धंदाच कंपन्या काढून द्यायचा आहे, म्हणजे विषय पक्का माहीत.

कंत्राटदार छत बघून गेला. संपूर्ण खरवडून, सळई साफ करून, नवं काँक्रीट. लवकर करा म्हणाला. बिल कुणाच्या नावाने करू, असंही विचारलं.

इथे मी सावध झालो. आज माझ्या नावाने दुरुस्ती केली तर छताची जबाबदारी माझी हे मीच मान्य केल्यासारखं. कंपनी झाली की कंपनी दुरुस्त करील. त्याला थांबायला सांगितलं. विम्याचंही तेच. कुणाच्या नावाने काढणार?

डोकं शांत ठेवलं की गोष्टी आपोआप क्रमाने लागतात.

२४ ऑगस्ट, रविवार

कंपनीची नावं ठरवतोय. 'सह्याद्री' कुणीतरी आधीच घेतलंय. 'कोयना' संजीवनीला आवडत नाही, भूकंप आठवतो म्हणे. उत्कर्षा, आमची कन्या, वय सोळा, टीव्हीवरून नजर न काढता इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट फिक्स द सीलिंग लाह." या पिढीला कायदेशीर रचना हा प्रकारच कळत नाही.

थायलंडची बातमी वाईट, तिथलं चलन घसरतच चाललंय. ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलतात. दोन मालकांनी जहाजं नांगरून ठेवली.

मधुवंतीचा फोन. बिस्किटाएवढा तुकडा पडला. बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. मी लगेच उपाय सुचवला: पलंग समोरच्या भिंतीकडे सरकवा. सरकवला. खर्च शून्य.

१६ सप्टेंबर, मंगळवार

धूर. सुमात्रात जंगलं जळतायत आणि आम्ही खोकतोय. ऑफिसच्या खिडकीतून रोज मोजून घेतो ती जहाजं आज दिसत नाहीत, नुसते भोंगे ऐकू येतात. दुपारी सूर्य तांब्याच्या पैशासारखा. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरतात.

कंपनी काढायला दोन डायरेक्टर लागतात. दुसरी संजीवनी. कागद पुढे केला. तिने हात पुसले आणि म्हणाली, "आधी छत करा, मग सही करते."

समजावलं: छत कोण करणार ते सहीनंतरच ठरणार. ती म्हणाली, "म्हणजे मी सही करीपर्यंत ते कुणाचंच नाही?"

मुद्दा समजूनही न समजल्यासारखं करायची तिची पद्धत.

२७ सप्टेंबर, शनिवार

धूर तसाच. आशालताबाईंना दमा आहे हे आज कळलं. मधुवंतीने खिडक्या बंद करून फटींना ओले टॉवेल लावलेत. एसी फक्त त्याच खोलीला, म्हणून बाई दिवसभर तिथेच. पण भिंतीकडे सरकवलेल्या पलंगावर एसीचा झोत थेट येतो, मान धरली. म्हणून पलंग पुन्हा जुन्या जागी.

मधुवंती फोनवर म्हणाली, "काका, आईला आता त्या छताखालीच राहावं लागतंय. माणूस कधी पाठवताय?"

दिवाळीच्या आत, असं सांगितलं. फोन ठेवल्यावर तळहाताला घाम आला होता. धुराने हवा दमट झालीय.

५ ऑक्टोबर, रविवार

संजीवनीलाही दिवाळीचा शब्द दिला. देवापुढे द्या म्हणाली. दिला. मग तिने सही केली. सही करताना माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

कंपनी झाली! शिक्का जड आहे, पितळी मुठीचा. चार-पाच कोऱ्या कागदांवर उठवून पाहिला.

रात्री जेवणानंतर बोर्डाची पहिली सभा. उपस्थित: मी, संजीवनी. ठराव पहिला: छताच्या दुरुस्तीस तत्त्वतः मंजुरी. संजीवनीने विचारलं, तत्त्वतः म्हणजे? म्हटलं, फ्लॅट अजून माझ्या नावावर आहे, कंपनीच्या नावावर झाला की काम सुरू. बँकेचं उत्तर यायचंय. ती ताटं उचलून आत गेली. सभा गणसंख्येअभावी तहकूब.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बँकेचं उत्तर आलं. कर्ज कंपनीकडे वळवायला तयार. अट: दोन्ही डायरेक्टरांची वैयक्तिक हमी. म्हणजे कंपनी बुडाली तर मी, आणि आता संजीवनीसुद्धा. आधी निदान मी एकटाच होतो.

प्रबोधला सांगितलं नाही. हाँगकाँगचा बाजार काल कोसळला, त्यामुळे एकूण वातावरणच वाईट. विचार करायला थोडा वेळ हवा.

३० ऑक्टोबर, गुरुवार, दिवाळी

सगळे पासिर पांजांगला फराळाला. बाईंनीच बोलावलं होतं. धूर असूनही इतकं केलं: चकल्या, करंज्या, चिरोटे. मला वाटलं होतं दुरुस्तीचा विषय निघेल. निघाला नाही. बाईंनी त्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं आणि कंदील बाहेरच्या खोलीत लावला होता.

मी हात धुवायला जाताना दार ढकलून पाहिलं. डाग आता पलंगाएवढा आहे. मधोमध छत खाली आल्यासारखं दिसत होतं, पोट सुटल्यासारखं. ऑफिसात असं एखादं डेक दिसलं तर मी जहाज बंदरातून हलू देत नाही.

उजेड कमी होता. सावलीही असेल. दार पुन्हा लोटून घेतलं.

सोमवारी कंत्राटदाराला फोन. माझ्याच नावाने करून टाकू. पक्कं.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात गडबड. कंत्राटदार दुपारी सापडला नाही. उद्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

छत पडलं.

दुपारी. बाई आडव्या झाल्या होत्या. मधुवंती लॅबमध्ये. खालच्या मजल्यावरच्या चिनी बाईंना आवाज आला, त्यांनी वर येऊन दार वाजवलं, आतून उत्तर आलं नाही म्हणून वॉचमनला आणून दार उघडवलं.

मला ऑफिसात फोन आला. मी सर्वात आधी प्रबोधला फोन केला. का ते माहीत नाही. हॉस्पिटलचा लावायचा होता. प्रबोध म्हणाला, "बाई जिवंत आहेत का?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

जिवंत आहेत. गळ्याजवळचं हाड मोडलं, उजवं मनगट चुरलं, डोक्याला टाके. कुशीवर वळल्या होत्या म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. मनगट पूर्वीसारखं वळणार नाही.

प्रबोध हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भेटला. मी हळूच विचारलं, कंपनीचा काही उपयोग? तो म्हणाला, कंपनीकडे आहे काय? एक शिक्का. आणि फ्लॅट कंपनीचा असता तरी छत ठोकून बघणारा तू, थांबा म्हणणारा तू. "कंपनीला कान नसतात रे. त्या मुलीचे फोन तू घेतलेस."

बिल मी भरतोय. ते तर कुणीही भरलं असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मधुवंतीशी बोलायचं म्हणून काय काय तयारी करून गेलो होतो. इमारत जुनी, धूर अभूतपूर्व, पलंगाची जागा. तिने काहीच बोलू दिलं नाही. म्हणाली, "मला कोर्टात जायचं नाहीये, काका. आईला उद्या सोडतायत. मी तिला नेऊ कुठे ते सांगा."

संजीवनी मागे उभी होती हे मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आमच्याकडे." माझ्याकडे पाहिलंही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोघी काल आमच्या तोआ पायोहच्या घरी आल्या. आमची बेडरूम त्यांना दिली. मी बाहेर सोफ्यावर. संजीवनी उत्कर्षाच्या खोलीत झोपते. सोफ्यावर मी एकटाच मावतो, हे खरं कारण असावं.

संजीवनी बाईंची वेणी घालते, भरवते. माझ्याशी गरजेपुरतं बोलते. आज म्हणाली, डायरेक्टरपदाचा राजीनामा कसा देतात ते लिहून द्या. सध्या ती चिडलीय, होईल शांत.

१६ नोव्हेंबर, रविवार

धूर विरला. आकाश धुतल्यासारखं. कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून बाईंसाठी मऊ भात आणि सूप आणलं. त्यांनी मधुवंतीच्या हातून चार घास घेतले.

त्या आल्यापासून धड झोपलेल्या नाहीत. रात्री आणि दुपारी पलंगाच्या कडेला बसून वर बघत राहतात. मधुवंती रडवेली झालीय. मला वाटलं, इथे माझा उपयोग आहे. टॉर्च आणि छोटी हातोडी घेतली, स्टुलावर चढलो आणि बेडरूमचं संपूर्ण छत ठोकून काढलं. कोपरे, पंख्याची कडी, सगळं. एकदम भरीव. कुठेही दोष नाही. याबद्दल मी अगदी प्रामाणिक आहे. खाली उतरून बाईंना म्हटलं, "निर्धास्त झोपा. मी स्वतः तपासलंय."

बाई लगेच उठल्या. डाव्या हाताने उशी काखेत धरली आणि मला टाळून बाहेर मजल्याच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग खुर्ची नेली. त्यांनी विचारलं, "इथलं वरचं कुणी बघितलंय?"

मी म्हटलं, नाही, हे मी बघितलेलं नाही.

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने मान कलली. झोप लागली.