पारास्केवीला वाहिलेले डोळे

६ जुलै, रविवार
डोळे उत्तम. बंदरात शिरणाऱ्या बोटीचं नाव गच्चीवरून सगळ्यांच्या आधी मी वाचलं. चर्चमध्ये मात्र पोथीतली अक्षरं मुंग्यांसारखी पळाली. छपाई भिकार. आमच्या पाद्र्यांना, पापा-स्टेलियोसना, नवी पोथी मागवायला सांगितलं. ते म्हणाले, अरे अनार्गिरोस, अठरा वर्षं तू हीच वाचतोयस.

९ जुलै
पोथी हात लांब करून धरली. हात कमी पडले. डोकं ठणकतंय. दुसरा गायक पांडेलिस म्हणाला, पोथी इथेच राहू दे, तू दारात जाऊन वाच. जळतो मेला.
बाबांची दृष्टी पन्नासाव्या वर्षी गेली. मला एकोणपन्नास पूर्ण, वर सात महिने. याबद्दल पुढे लिहायचं नाही.

१० जुलै
उठल्याउठल्या एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दिसतंय. जेवताना परत पाहिलं. भीती वाटते असं नाही.
वाटते. फार वाटते.

११ जुलै
बायको म्हणते, गुरुवारच्या बोटीने डोळ्यांची डॉक्टरीण येतेय, तुझं नाव घातलंय. साफ नाही म्हटलं. बाबा डॉक्टरकडे गेले आणि त्याच महिन्यात आंधळे झाले. माणसाने यातून काही शिकायला नको?
निश्चय: सव्वीसला संत पारास्केवीचा उत्सव. डोळ्यांचं राखणं तिच्याकडेच. तिला चांदीचे डोळे वाहायचे. उत्सवाचं वाचन तोंडपाठ करायचं. चष्मा नाही म्हणजे नाही.

१३ जुलै, रविवार
दुकानातल्या ताटात नवसाचे, चांदीच्या पत्र्याचे पाय, हृदयं, डोळे, सगळी खिचडी. दुकानवाली मारिगो निवडून द्यायला आली. म्हटलं, मला दिसतं, आणि स्वतःच एक पत्रा उचलला. ती बघतच राहिली. म्हणाली, या वयात! देव भलं करो. प्रार्थनेनंतर सगळ्यांदेखत तो पारास्केवीच्या तसबिरीवर टांगला. फार हलकं वाटलं. गुण येतोय.

१५ जुलै
गावाला झालंय काय? बेकरीवाल्याने बायकोला फुकट पाव दिला, वर बसायला खुर्ची दिली. सासूबाईंचा अथेन्सहून रडत फोन. पांडेलिसने पाठ थोपटली, म्हणाला, छुपा रुस्तम निघालास.
संध्याकाळी बायको चर्चमधून तरातरा आली. मी डोळे वाहिलेच नव्हते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ वाहिलं होतं. ती सत्तेचाळीस वर्षांची आहे.
गुरुवारी जायचं ठरलं. म्हणजे तिने ठरवलं.

१७ जुलै, गुरुवार
डॉक्टरीणबाईंना बाबांचं सांगितलं. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला. ठीक. म्हणाल्या, वडिलांना काचबिंदू असणार. वेळेवर आले असते तर थेंबांनी बरीच नजर वाचली असती. तुम्ही दर वर्षी दाखवा. बाबा भीतीपोटी आधी गेलेच नव्हते, गेले ते अगदी शेवटच्या महिन्यात.
मला आजार नाही, डोळ्याची ठेवणच तशी. गोळा आखूड, म्हणून जवळच्या अक्षराचं चित्र पडद्याच्या मागे पडतं. तरुणपणी आतलं भिंग फुगून सावरून घ्यायचं, आता ते ताठरलं. उपाय, फुगीर काचेचा चष्मा. एवढंच! मी कधी घाबरलोच नव्हतो.

२६ जुलै
उत्सव. चर्च गच्च. चष्मा लावला. अक्षर न् अक्षर स्वच्छ. शेवटची ओळ घुमवली, मान वर केली, आणि सगळं गाव धुक्यात. एकालाही चेहरा नाही. बाबा असंच सांगायचे. मी गुडघ्यांवर कोसळलो आणि ओरडलो, गेले! माझे डोळे गेले!
बायकांच्या बाजूने आमच्या हिचा आवाज आला: चष्मा काढ, मेल्या! वाचायचा आहे तो. डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं होतं.
काढला. सगळे स्पष्ट दिसले. सगळे हसत होते. आणखी पाच मिनिटं दिसले नसते तरी चाललं असतं.