कोपऱ्याला रबर लावू नये

३ जून
संग्रहालयात रुजू झालो! जुन्या चित्रांवरचा मळ काढायचा, एवढंच काम. पण टेबल खिडकीपाशी, आणि पहिलंच चित्र असं की डोळे निवले. खुर्चीत बसलेला माणूस, नुसत्या पेन्सिलीत. काढणारा कोण, कुणालाच ठाऊक नाही. कोट दोन-चार रेघांत उरकलाय, सगळा जीव हातांत ओतलाय. डावा हात गुडघ्यावर सैल, उजव्याची मूठ मिटलेली. मुठीत पेन्सिलीचा तुकडा असावा. पठ्ठ्यानं आरशात बघून स्वतःलाच काढलंय. नजर थेट, पण मवाळ.

फ्रेमवाले मामा इथे तीस वर्षं आहेत. त्यांनी बजावलं, की कोपऱ्याला एकट्यानं रबर लावायचं नाही. भिंग घेऊन दोघांनी बघायचं, मगच. मी मान डोलावली. नियम सांगायला म्हाताऱ्यांना नवा माणूस लागतोच.

५ जून
मामा जेवायला गेले होते. उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा डाग वाटला, म्हणून रबर दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवताना कळलं की तो डाग नाही, सही आहे. हात थांबेपर्यंत गेली. एक अक्षरही वाचून झालं नव्हतं.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या साहेबांना, सांगायला हवं होतं. पण पंधरा तारखेला नोकरी पक्की व्हायची आहे, मुलीला नव्या शाळेत घातलंय. चित्राखालच्या चिठ्ठीवर मीच लिहिलं, 'चित्रकार अज्ञात'. अळीमिळी गुपचिळी.

८ जून
हजेरीच्या यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही. भिंगाखाली धरला, तर एकही रेघ नाही, गुळगुळीत. मामा म्हणाले, रबर घासून झिजतात कधीकधी. मी हसलो. पण चित्रातली मूठ परवापेक्षा सैल दिसते. आणि नजर मवाळ नाही.

१० जून
यंत्र चालेना म्हणून हजेरीपुस्तकात सही केली. दुपारी तिथे कोरी जागा आणि रबराचा भुगा. घरी दारावरची पाटी कोरी. खाली तोच भुगा.

मूठ उघडलीये. आत पेन्सिल नाही. रबर आहे. मी त्याचं नाव पुसलं, आता तो माझं—

१२ जून
कबूल करायला गेलो. मोठ्या बाईंनी अदबीनं विचारलं, की आपल्याला कोणाला भेटायचंय. मामांनी निरखून पाहिलं, आणि तिकीटखिडकी दाखवली.

घरी मुलीनं दार उघडलं. आत वळून आईला सांगितलं, की कोणीतरी काका आलेत.

१३ जून
तिकीट काढून, आता दालनात लागलेल्या त्या चित्रासमोर बसलोय. हात जोडले. चिठ्ठीवर तुझं नाव लिहितो म्हणालो. तो पहिल्यांदाच हसला. कुठलं लिहिणार? जगात ते एकाच जागी होतं, आणि तिथून मीच—

खुर्ची रिकामी आहे. चित्रातली.

वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं. तिथे भुगा. अजून गरम आहे. मागे कुणीतरी उभं— वाकलंय— पुन्हा लिहितो, लवकर, मुलीसाठी तरी. बाळा, मी तुझा बाबा. माझं नाव